उजव्या बाजूच्या गाद्या

अण्णा, तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले आणि तुझ्याशी बोलायची माझी सवय काही सुटत नाही. सकाळी दुकानाचं शटर वर करताना "अण्णा, खालची कडी काढ" असं दोनदा म्हणून झालं. वरून वहिनीने ऐकलं की ती दचकते. म्हणून आता लिहून बोलते. कागदावर कितीही बोललं तरी कुणी दचकत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली कसली, मीच ठेवली. चार वर्षं ठेवली. लोबो साहेबांच्या बोटीच्या गाद्यांचं काम झालं आणि तू कात्री माझ्यापुढे सरकवलीस. "सुमी, माझा हात गेला. आजपासून कापायचं तू," म्हणालास. अण्णा, तुझा हात गेला नव्हता. मला ते तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी कात्री उचलली.

कसं माहीत होतं ते सांगते, पण एकदम नको, माझ्याच्याने होणार नाही. पहिल्यापासून सांगू दे.

शेजारच्या एसटीडी बूथवर तुला फोन आला होता, आठवतं? मी मागेच उभी होते. पलीकडचा माणूस कानडीत विचारत होता, बोटीच्या आतल्या गाद्या नव्याने करायला खर्च किती येईल. तू विचारलंस, बोट कुठे आहे? आणि मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळलास.

"सुमी, हे गृहस्थ म्हणतात बोट व्हाइटफील्डला आहे."

"तलावात असेल."

"तलावात नाही, आंब्याच्या झाडाखाली आहे म्हणतात. स्वल्प गडबड दिसते."

"मग नाही म्हण."

"नाही कशाला? झाडाखालची बोट पुन्हा कधी बघायला मिळणार आहे?"

असा तू. जन्म कॉटनपेटेत, सोफे, स्कूटरची सीटं आणि दवाखान्यातली बाकं भरण्यात हयात गेली, समुद्र कॅलेंडरवर बघितलेला. आणि निघालास बोटीच्या गाद्या करायला.

मार्केटहून लाल बसने गेलो आपण. महादेवपुऱ्याच्या पुढे तेव्हा नुसती शेतं आणि धूळ होती. मोठ्या इमारतींचे खांब कुठे कुठे उभे राहत होते. मी वाटभर तुला हसत होते. फाटकातून आत शिरलो आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. घराच्या कौलांपेक्षा उंच, पांढरी, पोटाशी गोल, लाकडाच्या टेकूंवर उभी होती ती. आंब्याच्या फांद्या तिला टेकल्या होत्या. तिच्यावर मुंग्यांची रांग चढत होती. आपण दोघंही साठीच्या आसपासची माणसं, तोंड उघडं टाकून लहान पोरांसारखी बघत राहिलो. तू मला कोपराने ढोसलंस आणि हळूच म्हणालास, "हे असलं कुणीतरी हाताने केलंय, सुमी."

लोबो साहेब जहाजावर इंजिनियर होते, मंगळूरचे. रिटायर होऊन व्हाइटफील्डला घर बांधलं. गोव्याला कुणीतरी टाकून दिलेली ही शिडाची बोट त्यांनी घेतली आणि ट्रकवर घालून घाट चढवून आणली, कारण त्यांची सगळी हत्यारं इथे. तीन वर्षं दुरुस्ती चालली होती. शेजारी त्यांना वेडे म्हणत होते. लाकूडकाम झालं, रंग झाला, आता आत झोपायच्या-बसायच्या गाद्या तेवढ्या राहिल्या होत्या. जुन्या इतक्या कुजल्या होत्या की त्यांचा आकारही उरला नव्हता.

शिडी चढायच्या आधी तू चपला काढल्यास. साहेब म्हणाले, गरज नाही हो. तू म्हणालास, "झोपायची जागा आहे ना?" त्यावर साहेबांनीही आपले बूट काढले. तिथेच मला कळलं की हे काम आपण घेणार आणि याच्यात आपलं नुकसान होणार.

आत काय होतं ते बाहेर कुणाला सांगून पटत नाही. छोटंसं घर. स्टोव्हची जागा, भांड्यांची फळी, दोन्ही बाजूंना लांब बाकं आणि नाकाकडे निमुळती होत गेलेली झोपायची जागा. आणि सरळ काहीच नाही! भिंत म्हणून हात लावावा तर ती बाहेर फुगलेली, खाली आत वळलेली. मी नजरेनेच मोजत होते, तीन आणि तीन सहा, पुढच्या दोन, आठ गाद्या, सोफ्याच्या भावाने किती होतील. तू काय केलंस? तू झोपलास. एकेका बाकावर, लाकडावर, डोळे मिटून. मग कुशीवर वळलास. मग साहेबांना म्हणालास, ही बोट हलवता येते का?

"अण्णा, ही आठ जणांनाही हलणार नाही," साहेब म्हणाले.

"मग मीच हलतो," म्हणत तू स्वतः इकडून तिकडे लोळलास. मला लाजेने कुठे बघू असं झालं. तुझ्या खिशातून बिडीचं बंडल पडलं. पण साहेब हसले नाहीत. ते वाकून तुझ्याकडे असे बघत होते, जसा एखादा आपल्या भाषेतला माणूस परदेशात भेटावा.

तू उठून विचारलंस, "वारा लागला की ही एका कुशीवर होते, खरं ना? मग झोपलेला माणूस भिंतीवर जातो. म्हणजे भिंतीकडची कड घट्ट पाहिजे, आतली मऊ. आणि पाणी आत येणार. कापूस चालणार नाही. दोरा सुती चालणार नाही. झिप पितळेची किंवा प्लॅस्टिकची."

साहेब म्हणाले, "तुम्ही समुद्रावर किती वर्षं होता?"

अण्णा, मी तुझी बहीण. तू चड्डीत होतास तेव्हापासून तुला बघत आले. पण त्या दिवशी त्या लाकडी पोटात उभी राहून मी तुझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं असं वाटलं. न बघितलेल्या समुद्रावर, न भेटलेला माणूस कसा झोपेल, हे तुला फळीवर लोळून कळलं होतं.

मग तू किंमत सांगितलीस. अकरा हजार. मला ठसका लागला. सोफ्याच्या हिशोबाने चाराच्या वर जात नव्हते. साहेबांनी एक क्षण बघितलं आणि "सरी", ठीक आहे म्हणाले. परतताना मी तुला म्हटलं, लुबाडलंस की रे बिचाऱ्याला. तू म्हणालास, "आठ गाद्या, एकीसारखी दुसरी नाही, वरची बाजू निराळी, खालची निराळी. सोळा नमुने काढायचे. तू काढून दाखव, मी चार घेतो."

आता इथून पुढचं माझं.

नमुने काढायला तू एकटाच दोन दिवस गेलास. दसऱ्याची कामं होती, मी दुकानात बसले. तू खाकी कागदांची गुंडाळी घेऊन आलास आणि दुसऱ्या दिवशी फोम आणि रबर लावलेला काथ्या आणायला बाहेर पडलास. कापड साहेबांनी दिलेलं होतं, गर्द निळं. त्यांच्या जहाजावरच्या मित्राने परदेशातून पाठवलेलं, मोजून तेवढंच. मी म्हटलं, अण्णा दमून येईल, तोवर कापून ठेवावं.

आपल्या घरात कापड एकेरी कधी कापलंय का रे? अप्पांनी शिवलेल्या सदऱ्यांपासून बघत आलो. डावं-उजवं म्हणजे घडी घालायची, एकदा कापायचं, दोन निघतात. कापड वाचतं, वेळ वाचतो, दोन्ही सारखी येतात. मी डाव्या बाजूचा कागद पसरला. उजवा उलटा करून त्यावर ठेवला. जुळेना. उजवा दोन बोटं बाहेर जात होता आणि मध्येच एके ठिकाणी जरा खोलगट वळण घेत होता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात तुझ्या सुईत दोरा जात नव्हता. तीन वेळा चुकलास. शेवटी मीच हातातून सुई घेतली. ते तुझ्या डोळ्यांमुळे होतं, ऑपरेशन झाल्यावर कळलंच. पण मला तेव्हा वाटलं, अण्णाचा हात थरथर कापायला लागला. त्या कागदांवरची दोन बोटं बघितली आणि मला ती सुई आठवली. म्हटलं, हे कुणाला दिसायला नको. अण्णालाही नको.

मी कात्री घेतली आणि तुझा उजव्या बाजूचा कागद डाव्याइतका कापून टाकला. तिन्ही गाद्यांचे कागद, वरचे आणि खालचे. निघालेल्या पट्ट्या बंबात घातल्या. मग कापडाची घडी घातली आणि एकदाच कापलं.

आता पुढे लिहिते.

गाद्या घेऊन गेलो तेव्हा डावीकडच्या अशा बसल्या की साहेबांनी टाळी वाजवली. उजवीकडची पहिली ठेवली आणि भिंतीशी फट. दोन बोटं. दुसरी ठेवली, तशीच. तिसरी, तशीच. तू तुझा कागद उलगडून लाकडावर धरलास. कागदही कमी पडत होता. तू कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होतास.

साहेब म्हणाले, "अण्णा, मनाला लावून घेऊ नका. ही बाजू कधीतरी फुटली होती. दुसऱ्या सुताराने बसवलीय, जरा बाहेर गेलीय. मी तीन वर्षं हिच्यात काम केलं, मलाही आता दिसतंय."

तू म्हणालास, "तुम्ही डोळ्याने काम करता साहेब. माझी पेन्सिल लाकडाला टेकलेली होती. माझ्या हाताला कळायला पाहिजे होतं."

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काय म्हणणार होते? तुझा हात कापतो असं समजले म्हणून तुझं काम कापलं, हे साहेबांसमोर, तुझ्या तोंडावर? मी म्हटलं, "पाणी आणू का?"

तू पुन्हा कागद लावलास. मी बॅटरी धरली. तू गुडघ्यावर बसून, पेन्सिल आडवी करून, लाकडाला चिकटवून रेघ ओढायला लागलास. डोळे अर्धे मिटलेले, ओठ जरासे पुढे, लहानपणी पाटीवर काढायचास तसे. रेघ सरकत आली आणि मध्येच तिने एक खोलगट वळण घेतलं.

मी ते वळण ओळखलं, अण्णा. त्याच्यावरून माझी कात्री फिरली होती. तीच जागा, तोच उतार, पुन्हा तसाच चढ. जणू पहिला कागद बंबातून उठून आला होता. दोन आठवड्यांच्या अंतराने, न बघता, एकाच लाकडावरून तुझा हात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा केसाचा फरक नाही. ज्याने फुटलेली बाजू जोडली त्याला दिसलं नाही, ज्याने तीन वर्षं घासली त्याला दिसलं नाही, ते तुझ्या हाताने दोनदा सांगितलं. माझ्या हातातली बॅटरी हलायला लागली. तू न बघताच म्हणालास, "सुमी, नीट धर. माझाच हात हलतोय तेवढं पुरे आहे."

तुझा हात हलत नव्हता. उजेड हलत होता.

निळं कापड तर संपलेलं. तू उजव्या गाद्यांना भिंतीच्या बाजूने करड्या कॅनव्हासची पट्टी जोडलीस आणि मग जोड ओळखू येऊ नये म्हणून डाव्या गाद्या उसवून त्यांनाही तशीच पट्टी घातलीस. साहेबांना वाटलं, पहिल्यापासून हेच मनात होतं की काय, इतकं ते शोभलं. आणि तू मजुरी घेतली नाहीस. फोम, काथ्या, झिपा, दोरा, येवढ्याचेच घेतलेस.

बसमध्ये मी तुझ्याशी भांडले. हो, मी! महादेवपुरा ते मार्केट भांडले. म्हटलं, महिनाभर दोघांनी राबायचं आणि फुकट? साहेब देत होते ना? त्यांच्याच बोटीची बाजू वाकडी, त्यात आपलं काय?

तू खिडकीतून बाहेर बघत होतास. "चूक कुणाची?" विचारलंस.

मी तिकिटाची घडी घालत बसले.

"माझी ना? मग सरी. सोड."

कंडक्टरसुद्धा आपल्याकडे बघत होता. मी भांडले ते मजुरीसाठी नव्हतं रे. तू रागावला असतास, माझ्यावर ओरडला असतास, तर मला सांगता आलं असतं. तू ओरडायला तयारच नव्हतास.

दुसऱ्या दिवशी तू कात्री माझ्यापुढे सरकवलीस.

माझे यजमान गेले तेव्हा अख्खी गल्ली म्हणत होती, बाईमाणसाला दुकानात काय बसवतोस. तू म्हणालास, "तिला शिवता येतं, मला माणूस पाहिजे." एवढंच. उपकार केला असं कधी वाटू दिलं नाहीस. त्याच दुकानात मी तुझ्या जागी बसून चार वर्षं कापड कापलं, आणि तू मागे बसून काथ्या पिंजलास, खोळी उलटवल्यास, बटणं लावलीस. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, अण्णा, तुम्हीच कापा, तर हसून म्हणायचास, "सुमी माझ्यापेक्षा बरी कापते." मी रोज ठरवायचे, आज सांगू. मग दुपार व्हायची, मग गिऱ्हाईक यायचं. आणि जितके दिवस गेले तितकं ते सांगणं मोठं होत गेलं. शेवटी ते माझ्यापेक्षा मोठं झालं.

तू गेलास त्या आठवड्यात माणसं येत होती. वहिनी प्रत्येकाला सांगायची, "शेवटी शेवटी हात गेला होता हो त्यांचा. त्याचं फार मनाला लागलं होतं." लोक मान हलवायचे. गल्लीतले जुने कारागीरही म्हणायचे, हो, हात गेला होता. मी तिथेच बसलेली असायचे.

परवा लोबो साहेब आले. त्यांना काही माहीत नव्हतं. आता ते मंगळूरलाच असतात, बोट पाण्यात आहे. बसने आले, खांद्यावर मोठं बोचकं. दारातूनच "अण्णा एल्ली?" म्हणून तू कुठे आहेस ते विचारलं. मी त्यांना वर घेऊन गेले. वहिनीला बघून ते समजले. जिन्यातच उभे राहिले, मग बूट काढले आणि आत आले.

बसल्यावर त्यांनी बोचकं सोडलं. तुझ्या खोळी, अण्णा. निळा रंग उडून आभाळासारखा झालाय. चार वर्षं उन्हात, मिठाच्या पाण्यात. एक शिवण उसवलेली नाही. मी प्रत्येक कड बोटांनी चाचपली, एक टाका सैल नाही. साहेब म्हणाले, कापड विरलं म्हणून नव्या खोळी करायला आणलं, खर्च विचारायचा होता. आत भरलंय ते जसंच्या तसं आहे. गेल्या वर्षी वादळात सापडलो, बोट दोन दिवस एका कुशीवर होती. मी उजव्या बाकावर झोपलो होतो. झोप लागली मला, अम्मा. तशा वादळात झोप लागली.

वहिनीने एक खोळ मांडीवर घेतली. करड्या पट्टीवरून हात फिरवत म्हणाली, "याच कामात कळलं ना, हात गेल्याचं?"

आणि मी सांगितलं.

कानडीत सांगायला लागले, मध्येच मराठीत आले, साहेबांना कळलं की नाही कोण जाणे. घडी सांगितली, दोन बोटं सांगितली, बंब सांगितला. दुसऱ्यांदा ओढलेली रेघ सांगितली. साहेबांना कळलं होतं. त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. "म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले, "आणि कळलं होतं हेच त्यांना कळलं नाही."

मग त्यांनी खिशात हात घातला. मजुरी राहिलीय म्हणाले. मी नको म्हटलं, ती मजुरी आता कुणी घ्यायची? नव्या कामाचा खर्च सांगितला. तू सांगितलेलीच किंमत, अकरा हजार, एक पैसा कमी नाही. ते म्हणाले, सरी. आणि मी म्हटलं, नमुने काढायला मी स्वतः मंगळूरला येईन. डावे निराळे, उजवे निराळे. आधी प्रत्येक बाकावर झोपून बघेन. बोट पाण्यात असल्यावर मला लोळायलाही लागणार नाही.

उद्यापासून गल्लीत दारोदार जाऊन सांगणार आहे, तुझा हात शेवटपर्यंत खरा होता म्हणून. लोक म्हणतील, आता काय उपयोग अक्का. म्हणू देत. तुला मात्र हे आधी सांगायचं होतं. चार वर्षं आधी.

साहेब गेल्यावर वहिनी आणि मी दोघीच उरलो. मला वाटलं, आता सुनावेल. मी तयार होऊन बसले होते, सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, खोळीची घडी घालून बाजूला ठेवली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"सुमक्का," ती म्हणाली, "चार वर्षं मी त्यांना अर्धा पेला कॉफी दिली गं. हात थरथरून अंगावर सांडेल म्हणून."

तुला काठोकाठ लागायची, अण्णा. लहानपणी आईशी त्याच्यावरून भांडायचास. आणि चार वर्षं रोज सकाळी तो अर्धा पेला तू घेतलास, संपवलास, खाली ठेवलास. एकदाही म्हणाला नाहीस, अजून घाल.